सुट्टीचे कपडे, सरदारी हात
एमिलिओ पुची (१९१४-१९९२) फ्लॉरेन्सच्या जुन्या सरदार घराण्यातला. महायुद्धात इटलीच्या हवाई दलात वैमानिक. कपड्यांच्या धंद्यात तो शिरला अपघातानेच. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडच्या झेरमॅटमध्ये त्याने बेतलेला स्कीइंगचा पोशाख छायाचित्रकार टोनी फ्रिसेल यांच्या नजरेत भरला आणि पुढे 'हार्पर्स बझार'मध्ये झळकला.

मग कॅप्री बेटावर दुकान निघालं. गिऱ्हाईक म्हणजे सुट्टीवर आलेल्या श्रीमंत बायका.

पुचीची नक्षी जवळून पाहावी. एकमेकांत घुसणारे भोवरे, त्यांना बारीक रेघेची कड, आत फिरोजी, राणी, लिंबोणी आणि जांभळा असे रंग बेधडक शेजारी शेजारी. या गर्दीत कुठेतरी हाताने लिहिलेलं 'एमिलिओ' दडलेलं असतं. नकलांवर उतारा म्हणून ही सही थेट छपाईतच गुंफलेली. त्यातही आडनाव नाही, फक्त पहिलं नाव. बेत कितीही भडक असो, कापड मात्र तलम रेशमी जर्सी. अस्तर नाही, ताठ कापड नाही. घडी करून बॅगेत कोंबलं तरी फारसं चुरगळत नाही. खरी हुशारी रंगांपेक्षा इथेच म्हणायची.

१९५७ चा संग्रह सिएना शहरातल्या पालिओ या घोडेशर्यतीच्या निशाणांवरून सुचलेला. १९६५ मध्ये ब्रॅनिफ विमान कंपनीच्या हवाईसुंदरींना त्याने पावसात केशरचना बिघडू नये म्हणून चक्क पारदर्शक प्लास्टिकचं घुमटाकार शिरस्त्राण दिलं. १९७१ च्या अपोलो-१५ मोहिमेच्या बिल्ल्यावरचे तीन पक्षीही मूळ त्याच्याच आराखड्यातले. त्याचे निळे-हिरवे रंग मात्र अंतराळवीरांनी बदलून लाल, पांढरे आणि निळे केले.