आर्चटॉपचा नाद आणि आठ हजारांचं बजेट

माझ्या मित्राला गिटार घ्यायची होती. यात बातमी काहीच नाही, निम्म्या कॉलेजला घ्यायची असते. पण याला पाहिजे होती आर्चटॉप, तीसुद्धा जुनी! लग्नांच्या शूटिंगमध्ये लाईट धरून जमवलेले आठ हजार खिशात. ‘भावा, नाद खुळा आहे तुझा,’ एवढंच मी म्हटलं आणि त्याच्याबरोबर दोन महिने कोल्हापूर पालथं घातलं.

आर्चटॉप म्हणजे काय? आपण नेहमी बघतो त्या गिटारचं पोट सपाट आणि मधोमध गोल भोक. आर्चटॉपचं पोट व्हायोलिनसारखं फुगीर, दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘एफ’च्या आकाराच्या फटी. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर नुसती उभी राहते. अमेरिकेत माइक-अँपच्या आधीच्या काळात ट्रम्पेट-ड्रम्सच्या गोंगाटात गिटार ऐकू यावी म्हणून ही गाजली. गिब्सनची एल-५ आली १९२२ मध्ये. मग १९३४ मध्ये ‘सुपर ४००’, नावातला आकडा म्हणजे तिची तेव्हाची डॉलरमधली किंमत. जाड लाकूड कोरून पोट घडवायचं, म्हणून महाग. आज तसली जुनी गिटार घ्यायची तर आठ हजारांत तिची पेटीही येणार नाही.

गंमत म्हणजे भारतात आर्चटॉप जॅझपेक्षा जास्त शास्त्रीय संगीतात रमली. पंडित ब्रिजभूषण काब्रा ‘सुपर ४००’च मांडीवर आडवी ठेवून राग वाजवायचे. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर गिटार आहे ती त्यांची. पंडित विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा हीसुद्धा मुळात आर्चटॉपच, वर जादा तारा चढवलेल्या. तिनेच त्यांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवून दिलं.

आपल्या खिशाला परवडणाऱ्या आर्चटॉप आल्या कोलकात्याहून. गिवसन, गिबटोन... नावं वाचून हसू येतं, एखादं अक्षर इकडचं तिकडे! स्वस्तातल्या अशा गिटारींचं पोट बहुतेक वेळा कोरलेलं नसतं, प्लायवूड दाबून फुगवलेलं असतं. आवाज गोड कमी, खडखडीत जास्त. पण शिकायला आणि गॅदरिंगला पुरतो. मला तर तो आवाजच आवडतो.

आम्ही भंगारवाले फिरलो, जुन्या फर्निचरची दुकानं पालथी घातली. काही नाही. शेवटी एका बँडवाल्या काकांनी दुसऱ्या काकांकडे पाठवलं. हे काका पूर्वी ऑर्केस्ट्रात होते. माळ्यावरून त्यांनी गोधडीत गुंडाळलेली गिटार काढली. एफच्या फटी दिसल्या आणि मित्राचे डोळे चमकले. त्यानं पहिला कॉर्ड धरला, आणि धरताच येईना! तारा पट्टीपासून चांगल्या बोटभर वर. मला वाटलं, दांडीच वाकली. माझ्या मनात व्यवहार तिथंच संपला.

काका हसले. ‘अरे पोरा, ही बोटानं दाबायची नाही. हवाईयन हाय.’ दांडीच्या टोकाला पट्टीवर लोखंडाचा एक उंच तुकडा बसवलेला होता, त्यानं तारा उचलल्या होत्या. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, स्टीलची कांडी तारांवर फिरवली. सूर हलला होता, तरी खोलीत कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांना विचारून गिटार घेऊन मिरजेला गेलो. सतार-तंबोऱ्यांचं गाव, २०२४ मध्ये त्यांना जीआय मानांकन मिळालंय. गिटार सतार नाही, पण घोडी, पडदे, खुंट्या त्या माणसांना कळतात. एका चाचांनी दांडी डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम धरला. सरळ. पोटावर बोटाच्या पेरानं टकटक केली, आतली पट्टी सुटली असती तर खुळखुळली असती. घोडीखाली पोट खचलंय का, हे पट्टी ठेवून पाहिलं. पडदे अजिबात झिजलेले नव्हते. झिजणार कसे? तीस वर्षांत बोटानं तार कुणी दाबलीच नव्हती!

राहिला सूर. चाचांनी घोडी जरा मागं सरकवली. टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढंच बाराव्यापासून घोडीपर्यंत हवं. जुनी आर्चटॉप बेसूर वाटली म्हणून लगेच सोडू नका, आधी घोडी बघा. दांडी वाकलेली असेल तर मात्र सोडाच. काही जुन्या स्वस्त गिटारींत आत सरळ करायची सळई नसते आणि दुरुस्ती किमतीच्या वर जाते.

प्रश्न उरला तो लोखंडी तुकड्याचा. तो काढला तरच मित्राला वाजवता येणार. पण काढला की काकांचा आवाज गेला. चाचा म्हणाले, ‘चिकटवलेला नाही, तारा सैल केल्या की निघतो. परत बसतो पण.’

काकांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘सहा हजार दे.’ तारा सैल करून तुकडा त्यांनी स्वतःच काढला, नव्या तारा कुठल्या लावायच्या ते सांगितलं आणि तुकडा मित्राच्या हातावर ठेवला. स्टीलची कांडी मात्र खिशात टाकली.

मित्र दर रविवारी गिटार घेऊन त्यांच्याकडे जातो. जाताना तो तुकडाही नेतो.