बेकरच्या जिभेचं गुपित

एक फूटपट्टी घ्या, ३० सेंटिमीटरची. मित्राला ती वरच्या टोकाला धरून उभी लटकवायला सांगा. खाली, शून्याच्या खुणेपाशी, तुमचा अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवा, पट्टीला अजिबात न शिवता. आता मित्राने काही न सांगता पट्टी सोडून द्यायची आणि तुम्ही ती पकडायची.

कुठे पकडलीत? पंधरा-वीस सेंटिमीटरच्या खुणेवर? पट्टी २० सेंटिमीटर खाली यायला ०.२ सेकंद लागतात. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं, मेंदूला कळलं आणि बोटं मिटली, एवढ्यात सेकंदाचा पाचवा हिस्सा गेला! सरावाने हा वेळ थोडा कमी होतो, पण शून्य कुणाचाच होत नाही. टेनिसची विम्बल्डन स्पर्धा जिंकणाऱ्याचाही नाही.

टेनिस कोर्टाची लांबी असते २३.७७ मीटर. चांगल्या खेळाडूची सर्व्हिस (खेळ सुरू करणारा पहिला फटका) ताशी २०० किलोमीटर वेगाने निघते, म्हणजे सेकंदाला ५५ मीटरहून जास्त. हवेमुळे आणि टप्प्यामुळे चेंडूचा वेग घटतो खरा, तरी समोरच्यापर्यंत पोचायला त्याला साधारण अर्धा सेकंद पुरतो. त्यातले ०.२ सेकंद तर नुसतं कळण्यातच गेले. उरलेल्या वेळात पाय हलवायचे, खांदा वळवायचा, रॅकेट चेंडूला भिडवायची. आणि चेंडू येणार कुठे? बाहेरच्या बाजूला, मधल्या रेषेकडे की थेट अंगावर?

मग हे खेळाडू सर्व्हिस परतवतात तरी कसे?

पुन्हा पट्टी घ्या. या वेळी मित्राने सारख्या अंतराने ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि ‘तीन’ला पट्टी सोडायची. बघा, किती वर पकडलीत! बोटं काही अचानक चपळ झाली नाहीत. पट्टी कधी सुटणार ते तुम्हाला आधीच कळलं होतं. टेनिसपटूही हेच करतात. चेंडू रॅकेटला लागण्याआधीच ते समोरच्याला वाचायला लागतात. चेंडू डोक्यावर उडवला की आणखी पुढे? खांदा किती वळलाय? कसलेला फलंदाज लेगस्पिनरच्या मनगटाकडे बघत असतो ना, तसंच.

अमेरिकेच्या आंद्रे अगासीने मात्र कुणाच्या स्वप्नातही येणार नाही असं काहीतरी वाचलं. त्याचा प्रतिस्पर्धी होता जर्मनीचा बोरिस बेकर. बेकरने १९८५ मध्ये अवघ्या सतराव्या वर्षी विम्बल्डन जिंकलं होतं, आणि त्याची सर्व्हिस म्हणजे तोफगोळाच. अगासी त्याच्याकडून पहिले तिन्ही सामने हरला. मग त्याने बेकरच्या सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहायला सुरुवात केली. आणि एक दिवस त्याचं लक्ष बेकरच्या तोंडाकडे गेलं!

चेंडू वर उडवण्याच्या बेतात असताना बेकर जीभ बाहेर काढायचा. कोर्टाच्या उजव्या बाजूने सर्व्हिस करताना जीभ ओठांच्या मधोमध असली, तर चेंडू मधल्या रेषेकडे किंवा अंगावर यायचा. ती ओठांच्या कडेला असली, तर बाहेरच्या बाजूला. बेकरला स्वतःलाच या सवयीचा पत्ता नव्हता.

आता तुम्ही अगासी असता, तर प्रत्येक चेंडूला जीभ बघून धावला असता ना? पण अगासीने तसं केलं नाही, आणि मला त्याची खरी हुशारी इथेच दिसते. प्रत्येक सर्व्हिस अचूक ओळखली असती, तर बेकरला शंका आली असती आणि त्याने जीभ आत ठेवली असती. म्हणून अगासी बराच वेळ माहीत नसल्यासारखा खेळायचा आणि हे गुपित मोक्याच्या गुणासाठी राखून ठेवायचा. त्याने पुढे सांगितलं, की सर्व्हिस परतवण्यापेक्षा आपल्याला कळलंय हे लपवणंच जास्त अवघड होतं. पुढच्या अकरा सामन्यांपैकी दहा त्याने जिंकले. उरलेला एक, १९९५च्या विम्बल्डनचा उपांत्य सामना, बेकरने जिंकला. चेंडू कुठे येणार हे कळलं तरी तो मारावा लागतोच!

बेकर निवृत्त झाल्यावर अगासीने त्याला हे सांगून टाकलं. बेकर खुर्चीतून पडायचाच बाकी होता. ‘हा माझ्या मनातलं वाचतो की काय,’ असं तो तेव्हा घरी जाऊन बायकोला सांगायचा म्हणे.

आता मोठ्या स्पर्धांत कोर्टाभोवती कॅमेरे असतात आणि प्रत्येक चेंडू कुठे पडला याची नोंद संगणक ठेवतो. अमका खेळाडू अटीतटीच्या वेळी कुठे सर्व्हिस करतो, हे विश्लेषक त्यातून शोधून काढतात आणि प्रशिक्षकाला सांगतात. २०२५पासून तर सामना चालू असताना प्रशिक्षक जागेवरूनच खेळाडूला सूचना देऊ शकतो.

पण समोरच्याला वाचूच दिलं नाही तर? टेनिसपटू पीट सॅम्प्रस लहान होता तेव्हा त्याचे प्रशिक्षक पीट फिशर एक खेळ खेळायचे. सॅम्प्रसने आधी चेंडू वर उडवायचा, आणि चेंडू हवेत गेल्यावर फिशर ओरडून सांगणार, सर्व्हिस कुठे मारायची ते! त्यामुळे त्याची चेंडू उडवण्याची पद्धत प्रत्येक सर्व्हिसला तीच राहिली. हा सॅम्प्रस आणि आपला अगासी एकमेकांशी ३४ वेळा खेळले. त्यातले २० सामने सॅम्प्रसने जिंकले.