उन्हापासून त्वचेचे रक्षण आणि पाण्याची निगा

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील सौंसर व पांढुर्णा या तहसिलींना ऊन नवे नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या होऊन या दोन तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. परंतु येथील जीवनक्रम पूर्वीप्रमाणेच कापूस आणि संत्रा या दोन पिकांभोवती फिरत आहे. कापसाची वेचणी आणि आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी पावसाळ्यानंतरच्या निरभ्र आकाशाखाली होते. मृग बहाराची फळे उतरविताना तर फाल्गुन-चैत्राचे ऊन माथ्यावर असते. दिवसाचे सात-आठ तास उघड्यावर काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या चेहऱ्यावर व हातांवर या उन्हाचा परिणाम झाल्यावाचून राहत नाही.

अलीकडे औषधांच्या दुकानांतून, क्वचित किराण्याच्या दुकानांतूनही, उन्हापासून त्वचेचे रक्षण करणारी मलमे मिळू लागली आहेत. सनस्क्रीन या नावाने ती ओळखली जातात. त्यांपैकी काहींच्या वेष्टनावर ती सागरास सुरक्षित किंवा प्रवाळास निर्धोक असल्याचे छापलेले असते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या ग्राहकाने या शब्दांचा काय अर्थ घ्यावा, आणि मलम घ्यावयाचेच झाल्यास कोणते घ्यावे, हा प्रश्न दिसतो तितका परका नाही.

गोटमारीमुळे सर्वदूर परिचित असलेली जाम नदी पांढुर्ण्याजवळून वाहत जाऊन कन्हान नदीस मिळते. कन्हान पुढे नागपूर जिल्ह्यात शिरते. नागपूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा एक मोठा भाग याच नदीतून उचलला जातो. अंभोरा येथे कन्हान वैनगंगेस मिळते, वैनगंगा वर्धेस मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास जाते. अंगास लावलेले मलम स्नानाच्या वा धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जाते, ते याच वाटेने. पांढुर्ण्यातील मलमाने दूरच्या समुद्रातील प्रवाळ मरेल असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु समुद्राच्या आधी विहीर आहे, नाला आहे, नदीतील मासा आहे, आणि खालच्या गावाचा नळ आहे.

मलमाकडे वळण्यापूर्वी ऊन म्हणजे काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. उन्हात डोळ्यांस दिसणारा प्रकाश असतो, अंगास जाणवणारी उष्णता असते, आणि न दिसणारे व न जाणवणारे अतिनील किरण असतात. त्वचा भाजणे, काळवंडणे, अकाली सुरकुतणे, गालांवर वांग उठणे, तसेच डोळ्यांत मोतीबिंदू लवकर होणे, यांत अतिनील किरणांचा वाटा मोठा असतो. ऊन लागणे अथवा उष्माघात होणे हे मात्र उष्णतेचे काम होय. येथे एक घातक गैरसमज संभवतो. मलम अतिनील किरणांना अडविते, उष्णतेला नाही. मलम लावले म्हणून वैशाखात भर दुपारी काम करणे सुरक्षित होत नाही. त्यास पाणी, सावली व विश्रांती हाच उपाय आहे.

अतिनील किरणांचा जोर केव्हा अधिक असतो, हे जाणण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. उघड्यावर उभे राहून स्वतःची सावली पाहावी. सावली उंचीपेक्षा आखूड असेल, तर किरण तीव्र आहेत असे समजावे. लांब असेल, तर जोर ओसरला आहे. शिक्षकांनी शाळेच्या पटांगणात एक काठी रोवून विद्यार्थ्यांकडून तासातासाला सावली मोजून घेतल्यास हा पाठ पुस्तकाविना शिकविता येईल. पांढुर्णा व सौंसर ही गावे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने सूर्य येथे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास, बरोबर डोक्यावर येतो व मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत आकाश ढगाळ असले, तरी पातळ ढगांतून अतिनील किरणांचा बराच भाग खाली येतो. हवा गार म्हणजे ऊन निरुपद्रवी, ही समजूत म्हणूनच खरी नव्हे.

पहिले संरक्षण कापडाचे

या भागातील स्त्रिया शेतात जाताना लुगड्यावर किंवा साडीवर पुरुषी बाह्यांचा सदरा घालतात आणि पदर किंवा दुपट्टा डोक्यावरून चेहऱ्याभोवती गुंडाळून घेतात. शहरातील पाहुण्यांना हा वेष ओबडधोबड वाटत असेल. अतिनील किरणांच्या दृष्टीने पाहता, बाजारातील बहुतेक मलमांपेक्षा तो सरस आहे. कापड घामाने वाहून जात नाही, दर दोन तासांनी नव्याने लावावे लागत नाही, आणि नदीत उतरत नाही.

सर्वच कापड मात्र सारखे नसते. पातळ, विरळ विणीच्या पांढऱ्या सुती कापडातून किरणांचा लक्षणीय भाग आरपार जातो, आणि ते भिजले म्हणजे अधिकच. दाट विणीचे, गडद रंगाचे कापड किरण चांगले अडविते. पण गडद रंग उष्णताही शोषतो, म्हणून उन्हाळ्यात सैल शिवण व मध्यम रंग हा मधला मार्ग पत्करावा. कापडाची परीक्षा सोपी आहे. ते प्रकाशासमोर धरावे. जितका प्रकाश पलीकडून दिसेल, तितके संरक्षण कमी. टोपीला सर्व बाजूंनी चार बोटे तरी काठ असावा, कारण केवळ पुढे चोच असलेल्या टोपीने कान व मान उघडीच राहतात.

कापडाने जे झाकता येत नाही, त्यापुरताच मलमाचा प्रश्न उरतो. हे ध्यानी घेतले म्हणजे खर्चाचे गणितही बदलते. मलमाच्या डबीवर लिहिलेले संरक्षण मिळण्यासाठी ते त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या प्रमाणात लावावे लागते. या मापाने प्रौढ माणसाच्या संपूर्ण शरीरास एका वेळी सुमारे 30 मिलिलिटर मलम लागेल. म्हणजे 50 मिलिलिटरची नळी दोन वेळांनाही पुरणार नाही. केवळ चेहरा व मान यांना अर्धा चहाचा चमचा किंवा त्याहून किंचित अधिक मलम पुरते. जितके अंग कापडाखाली, तितका पैसा वाचतो, आणि पाण्यात जाणारे द्रव्यही तितकेच घटते. पर्यावरणास अनुकूल मलम निवडण्याचा अर्धा भाग येथेच पुरा होतो.

वेष्टनावर काय वाचावे

सूर्यरोधक मलमांचे दोन वर्ग आहेत. एका वर्गात कार्बनी रसायने असतात. ती अतिनील किरण शोषून घेतात. दुसऱ्या वर्गात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड या खनिज पुडी असतात. संत्राबागाईतदारास जस्त हा धातू अपरिचित नाही. पानांवर पिवळेपणा आला म्हणजे तो झिंक सल्फेटची फवारणी करतो. त्याच जस्ताचे पांढरे ऑक्साइड या मलमात असते. झाडाच्या बुंध्यास लावलेल्या पांढऱ्या लेपाप्रमाणे हे मलम ऊन परतवून लावते, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते अंशतःच खरे आहे. झिंक ऑक्साइडही अतिनील किरणांचा बहुतांश भाग शोषूनच घेते. परतवून लावते तो थोडा.

पाण्यातील जिवांच्या दृष्टीने आक्षेप घेतला गेला, तो मुख्यतः पहिल्या वर्गातील ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट या दोन रसायनांवर. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हवाई आणि व्हर्जिन बेटांजवळच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिबेन्झोन आढळले, आणि प्रयोगशाळेत त्याच्या सान्निध्यात ठेवलेले प्रवाळाचे बालजीव विकृत झाले व फिकट पडले. 2022 साली अमेरिकेतील संशोधकांनी यामागील एक कारण दाखवून दिले. प्रवाळाचा सगोत्र प्राणी जे समुद्रपुष्प, त्याच्या शरीरात ऑक्सिबेन्झोनचा शर्करेशी संयोग होतो आणि तयार झालेला पदार्थ उन्हात विषारी ठरतो. दरम्यान पलाउ या द्वीपराष्ट्राने 2020 च्या आरंभापासून अशा रसायनांच्या मलमांवर बंदी घातली. हवाई राज्याने 2021 च्या आरंभापासून या दोन रसायनांच्या मलमांची वैद्याच्या चिठ्ठीवाचून होणारी विक्री थांबविली, आणि थायलंडने 2021 मध्येच आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत त्यांना मज्जाव केला.

प्रवाळांच्या ऱ्हासाचे मुख्य कारण समुद्राच्या पाण्याचे वाढते तापमान हे आहे. मलमांचा दोष त्यामानाने लहान. पर्यटक थेट समुद्रात उतरतात अशा ठिकाणी मात्र तो गौण म्हणून सोडता येत नाही. महाराष्ट्रात मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि 1987 पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. सौंसर-पांढुर्ण्याहून शाळेची सहल कोकणात जात असेल, तर पाण्यात उतरणाऱ्या मुलांच्या अंगात लांब बाह्यांचा सदरा असावा, ही सूचना शिक्षकांनी सहलीच्या पत्रकातच घालावी.

गोड्या पाण्यासंबंधीही निष्काळजी राहून चालणार नाही. ऑक्सिबेन्झोन जगातील अनेक नद्यांच्या पाण्यात आढळले आहे, आणि माशांच्या अंतःस्रावांवर ते परिणाम करते असे प्रयोगशाळेतील अभ्यास दर्शवितात. ते त्वचेतून रक्तातही उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2019 च्या प्रस्तावात झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड या दोघांनाच सुरक्षित व परिणामकारक म्हणण्याइतका पुरावा असल्याचे नमूद केले. उरलेल्या अनेक रसायनांविषयी अधिक माहिती मागविली.

म्हणून मलम घेताना वेष्टनाच्या दर्शनी बाजूवरील गोड शब्द बाजूस ठेवून मागील घटकांची यादी वाचावी. सागरास सुरक्षित या शब्दांना कायद्याने ठरवून दिलेली व्याख्या नाही; ते कोणीही छापू शकतो. यादी बहुधा इंग्रजीत असते व अक्षर बारीक असते, तेव्हा गावातील शिक्षकाने किंवा आरोग्य कार्यकर्त्याने ती वाचून दाखविण्याचे साहाय्य करावे. ऑक्सिबेन्झोन हे बेन्झोफेनोन-3 या नावानेही लिहिले जाते, आणि ऑक्टिनॉक्सेट हे इथाइलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट या लांबलचक नावाखाली दडलेले असते. ही नावे दिसल्यास दुसरे मलम पाहावे. झिंक ऑक्साइड असलेले, आणि शक्यतो अतिसूक्ष्म म्हणजे नॅनो कण नसलेले मलम पसंत करावे. तेही सर्वस्वी निर्दोष आहे असे नाही. जस्त जास्त प्रमाणात पाण्यात गेल्यास जलचरांना अपायकारकच असते. फवारा मारण्याचे प्रकार टाळावेत, कारण त्यातील बरेचसे द्रव्य अंगाऐवजी हवेत व मातीत जाते, आणि श्वासावाटे छातीतही.

वेष्टनावर एसपीएफ हा आकडा असतो. 15 आकड्याचे मलम त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे 93 टक्के, 30 चे सुमारे 97 टक्के आणि 50 चे सुमारे 98 टक्के अडविते. 30 च्या पुढे मोठ्या आकड्यासाठी अधिक दाम मोजण्यात फारसा लाभ नाही, हे यावरून उघड आहे. त्वचेत खोल शिरणाऱ्या किरणांपासूनही रक्षण होते की नाही, हे पीए या अक्षरांपुढील अधिक चिन्हांवरून कळते. अशी तीन किंवा चार चिन्हे असावीत.

मलम कोणास अगत्याचे

सावळ्या त्वचेत निसर्गतःच काही संरक्षण असते, आणि भारतात त्वचेचा कर्करोग त्यामानाने विरळ आढळतो. प्रत्येक मजुराने नळी विकत घ्यावी असे सुचविणे हा त्याच्या मजुरीवर अकारण भार ठरेल. ज्यांच्या अंगावर कोडाचे चट्टे आहेत, ज्यांची त्वचा व केस जन्मतःच रंगहीन आहेत, ज्यांना वांगाचा त्रास आहे, किंवा ज्यांना उन्हाची बाधा वाढविणारी औषधे चालू आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. जन्मतः रंगहीन असलेल्या मुलास उन्हाने होणारी हानी आयुष्यभराची असते. त्याला वर्गात खिडकीपासून दूर बसविणे, पटांगणावरील प्रार्थनेत सावलीत उभे करणे, आणि मलम व टोपी यांची व्यवस्था करणे हे शाळेचे कर्तव्यच होय. अशा व्यक्तीस खनिज मलम मिळत नसेल, तर मिळेल ते वापरावे; नदीच्या काळजीपोटी तिने उघडे राहू नये. वस्तुतः ज्या शिवारातून फवारणीची कीटकनाशके पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतात, तेथे एका मुलाच्या मलमाचा हिशेब मांडणे हास्यास्पद आहे.

घरगुती उपायांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. हळद, चंदन, मुलतानी माती किंवा खोबरेल तेल यांनी त्वचेस बरे वाटत असले, तरी अतिनील किरण अडविण्याची त्यांची शक्ती अत्यल्प आहे. लिंबाचा रस चेहऱ्यास चोळून उन्हात जाणे तर अपायकारक आहे. त्यातील काही द्रव्ये उन्हाशी संयोग पावून त्वचेवर फोड व काळे डाग आणतात. कोडावर लावल्या जाणाऱ्या बावचीतही याच जातीचे द्रव्य असते. ती लावून वैद्याच्या सल्ल्यावाचून शेतात गेलेल्या माणसाची त्वचा गंभीरपणे भाजू शकते.

मलम उन्हात निघण्यापूर्वी सुमारे पंधरा मिनिटे कोरड्या त्वचेवर लावावे, आणि घाम आल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. विहिरीत किंवा डोहात पोहण्यापूर्वी ते लावू नये. पोहून, अंग पुसून मग लावावे. सायंकाळी प्रथम ओल्या फडक्याने पुसून काढून मग स्नान केल्यास पाण्यात जाणारा अंश कमी होतो. टिनपत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात तापलेल्या फडताळात ठेवलेले मलम मुदतीपूर्वीच निकामी होते. ते पाण्याच्या माठाजवळ, गारव्यात ठेवावे, आणि फुटून पाणी वेगळे झालेले किंवा वास बदललेले मलम वापरू नये. रिकामी नळी ओढ्यात न टाकता नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत सुक्या कचऱ्यात द्यावी.