संशोधनाचे उघडे कोठार

१० जुलै २०२४ ची सकाळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. सव्वासातच्या सुमारास हिंगोली परिसरात जमीन हादरली आणि तो धक्का नांदेड व परभणी जिल्ह्यांतही जाणवला. रिश्टर मापनश्रेणीवर त्याची नोंद ४.५ अशी झाली. त्याच वर्षी २१ मार्चलाही याच परिसरात तेवढाच धक्का बसला होता.

त्या दिवशी आमच्या बिलोलीच्या वर्गात प्रकाशाचे अपवर्तन बाजूलाच राहिले. एका विद्यार्थ्याच्या मोबाईलवर संदेश आला होता : ‘आज रात्री याहून मोठा धक्का बसणार, सर्वांनी घराबाहेर झोपा.’ त्याने विचारले, “सर, हे खरे आहे का?” लगेच मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, “आपल्या पायाखाली काय आहे हे कोणी तपासले आहे का? आणि तपासले असेल, तर ते आम्हाला वाचायला कुठे मिळेल?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगण्याची पद्धत अजून जगात कोणालाही सापडलेली नाही. तेव्हा तो संदेश खोटा. दुसऱ्याचे उत्तर, होय, तपासले आहे. तिसरा प्रश्न मात्र वाटतो तितका साधा नाही. हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नासाठीच आहे.

किल्लारीच्या पोटात काय दिसले?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. दगडमातीची जाड भिंतींची घरे कोसळली आणि हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, अशी तोपर्यंत समजूत होती. त्यामुळे जगभरचे शास्त्रज्ञ किल्लारीकडे वळले.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. सुमारे ३४० मीटरपर्यंत आपला नेहमीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, लागला. त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि मग बेसाल्टहून कितीतरी प्राचीन असा पायाचा खडक. गंमत अशी की, किल्लारीत इतक्या खोलवर दडलेल्या या पायाच्या खडकाची भावंडे आमच्या बिलोली-देगलूर भागात उघड्यावर दिसतात. शेताच्या बांधावर जे करड्या-गुलाबी ग्रॅनाइटचे मोठे गोटे असतात, तेच ते. तेर येथे जुन्या काळातील भूकंपाच्या खुणांचाही शोध घेण्यात आला.

या साऱ्या शोधांवर लेख लिहिले गेले, प्रबंध सिद्ध झाले. पण ते गेले कुठे?

कुलूप आणि किल्ली

शास्त्रज्ञ आपला लेख एखाद्या संशोधनपत्रिकेकडे पाठवतो. त्या विषयाचे अन्य जाणकार तो तपासतात आणि मग तो छापला जातो. पत्रिका विकत घेणाऱ्या ग्रंथालयांतच तो वाचायला मिळतो. आज हे लेख संगणकावर मिळतात खरे, परंतु एका लेखासाठी तीस-चाळीस डॉलर, म्हणजे अडीच-तीन हजार रुपये, मागणाऱ्या पत्रिका पुष्कळ आहेत. प्रबंधाची कथा याहून निराळी. पूर्वी त्याच्या मोजक्याच प्रती निघत. एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात, एक मार्गदर्शकाकडे, एक स्वतः संशोधकाकडे. चार-पाच वर्षांचे कष्ट कपाटात जात आणि कपाटाला कुलूप लागे.

म्हणजे पाहा, जमीन आपली, हादरलो आपण, संशोधनाचा बराचसा खर्च जनतेच्या करातून झाला. आणि निष्कर्ष वाचायला मात्र आपल्यालाच वाट नाही! हा पेच सोडवण्याचा एक मार्ग म्हणजे खुले संशोधन-भांडार.

भांडाराची सुरुवात

या कामी आम्हा भौतिकशास्त्रवाल्यांनी थोडी आघाडी घेतली, हे सांगताना अभिमान वाटतो. ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने एका संगणकावर अशी सोय केली की, संशोधकांनी आपले लेख छापण्यापूर्वीच तेथे ठेवावेत आणि कोणीही ते विनामूल्य वाचावेत. ‘अर्काइव्ह’ नावाच्या या भांडारात आज वीस लाखांहून अधिक लेख आहेत. भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्ये आपल्या संशोधकांच्या लेखांसाठी असे भांडार उभारले.

प्रबंधांसाठी आपल्या देशात ‘शोधगंगा’ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले, आणि गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राने ती सर्वांसाठी खुली ठेवण्याची व्यवस्था केली. आज तेथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. समजा, एका प्रबंधाची जाडी ३ सेंटिमीटर धरली, तर ते एकापुढे एक मांडायला १५ किलोमीटर लांबीची फळी लागेल! १९९४ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे प्रबंधही त्यात आहेत. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये या विद्यापीठाची.

नुसते ठेवून भागत नाही

येथे कोणी म्हणेल, “यात विशेष ते काय? फाईल संगणकावर टाकली की झाले!” तसे नाही. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्याच्या रोपांवरील प्रयोगांचा निबंध १८६६ मध्ये छापला. तो युरोपातील अनेक ग्रंथालयांत पोचलाही होता. तरीही त्याचे महत्त्व जगाला कळायला १९०० साल उजाडावे लागले. ठेवलेली वस्तू सापडली पाहिजे, ओळखता आली पाहिजे आणि टिकलीही पाहिजे. म्हणून भांडाराचा ग्रंथपाल तीन गोष्टी करतो.

पहिली गोष्ट नोंदपत्राची. प्रत्येक प्रबंधाबरोबर संशोधक, मार्गदर्शक, विषय, वर्ष, भाषा आणि शोधशब्द यांची ठरावीक रकान्यांची नोंद असते. सर्व भांडारांनी रकाने सारखेच ठेवले, की एका भांडाराचा संगणक दुसऱ्याची नोंदपत्रे आपोआप गोळा करू शकतो. मग नांदेडमध्ये ठेवलेला प्रबंध नैरोबीतल्या विद्यार्थ्यालाही सापडतो. पण ग्रंथपालाने शोधशब्दांत ‘किल्लारी’ लिहिलेच नाही, तर तो प्रबंध हाती लागणे अवघड. एका शब्दाची ही किंमत!

दुसरी गोष्ट कायमच्या क्रमांकाची. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात आणि जुना पत्ता उघडला तर पान सापडत नाही. आपण गाव बदलले तरी आधार क्रमांक तोच राहतो ना? त्याचप्रमाणे प्रत्येक प्रबंधाला एक कायमचा क्रमांक मिळतो. शोधगंगेतील प्रत्येक क्रमांकाची सुरुवात १०६०३ या आकड्याने होते. प्रबंध दुसऱ्या संगणकावर हलवला, तर क्रमांकापुढची जागा तेवढी बदलायची.

तिसरी गोष्ट तपासणी-अंकाची. वर्षानुवर्षे पडून असलेल्या फाईलमधला एखादा अंक बिघडला, तर तो कसा कळावा? वहीत करून पाहा. ५, ८, ३, ९, ४ हे अंक घ्या. त्यांची बेरीज २९. आठाचे सहा झाले तर बेरीज २७ येईल व चूक पकडली जाईल. पण ८ आणि ३ यांची अदलाबदल झाली तर? बेरीज २९ च राहील! आता प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणून बेरीज करा : ५×१ + ८×२ + ३×३ + ९×४ + ४×५ = ८६. अदलाबदलीनंतर हीच बेरीज ९१ येते. चोर सापडला! संगणक याहून पुष्कळ गुंतागुंतीची रीत वापरतो, पण तत्त्व हेच. फाईल आत घेतानाचा तपासणी-अंक जपून ठेवायचा आणि अधूनमधून पुन्हा काढून ताडून पाहायचा.

उजेडात ठेवण्याचे फायदे

संशोधन खुले झाले की, विद्यापीठात काय चालले आहे हे साऱ्यांना दिसते. चांगले काम लहान गावातले असले तरी लपत नाही. उसने काम स्वतःच्या नावावर खपवणेही कठीण होते, कारण मूळ प्रत सर्वांसमोर असते आणि संगणक दोन मजकूर क्षणात ताडून पाहतो. एकाच प्रश्नावर दोघांनी नकळत तेच काम करणेही टळते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांच्या जवळजवळ १३,००० पत्रिका सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना उपलब्ध करून देण्याची ही योजना आहे. तिचा लाभ मोठा आहे. पण वर्गणीची किल्ली काही ठरावीक हातांत असते. तिच्यात शाळा नाहीत, शेतकरी नाहीत. खुल्या भांडाराला मुळी कुलूपच नसते. हा फरक ध्यानात ठेवा.

एक सावधगिरीही सांगतो. भांडारात आहे म्हणून प्रत्येक वाक्य खरे, असे समजू नका. ‘अर्काइव्ह’मधील पुष्कळ लेख अजून जाणकारांनी तपासलेले नसतात. प्रबंधातही चुका असू शकतात. मात्र मोबाईलवरच्या त्या संदेशात आणि प्रबंधात एक मोठा फरक आहे. प्रबंधात लिहिणाऱ्याचे नाव असते, मोजमाप कसे केले ते असते, आणि ते तपासून पाहण्याची तुम्हाला मोकळीक असते.

तुम्ही काय कराल?

शाळेच्या संगणकावर शिक्षकांच्या मदतीने शोधगंगा उघडा. आपल्या जिल्ह्याचे, नदीचे किंवा पिकाचे नाव टाका. मांजरा, गोदावरी, तूर, काहीही चालेल. प्रबंध प्रकरणांनुसार वेगवेगळ्या फाईलींत असतो. आधी सारांश वाचा, मग शेवटचे निष्कर्षाचे प्रकरण. मधले आकडेमोडीचे भाग नंतर. विज्ञानाचे बहुतेक प्रबंध इंग्रजीत आहेत, ही अडचण खरी. प्रत्येक प्रबंधाला दोन पानांचा मराठी सारांश जोडला तर किती बरे होईल! तोवर शिक्षकांनी एखाद्या शनिवारी एका प्रबंधाचा सारांश फळ्यावर मराठीत सांगितला, तरी पुष्कळ काम होईल. भूकंपासाठी बंगळूरहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या पत्रिकेचे १९३२ पासूनचे जुने अंकही विनामूल्य वाचता येतात.

त्या दिवशी तास संपण्यापूर्वी आम्ही वर्गातल्या संगणकावर ‘लातूर भूकंप’ हे शब्द टाकले. पडद्यावर यादी उतरली. मागच्या बाकावरचा तो मुलगा उठून पुढे आला आणि खडकांच्या थरांची एक आकृती वहीत उतरवून घेऊ लागला. त्या रात्री तो घराबाहेर झोपला की घरात, हे मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो पिशवीतून ग्रॅनाइटचा एक तुकडा घेऊन आला. “सर, किल्लारीला ज्यासाठी इतके खोल जावे लागले, ते हेच ना?” मी म्हटले, “हेच, किंवा याचे जवळचे भावंड. आता नक्की काय ते तू शोध.”