गाढव, बदाम आणि क्रपोचे तीन दिवस

आपल्या गाढवाला गुळाची चव नसते. आर्मेनियातल्या गाढवाला बदाम कळत नाही. ‘एशन् इंच गिती नुशन् इंच ए’, म्हणजे गाढवाला काय ठाऊक बदाम म्हणजे काय! शेजारच्या तुर्की भाषेतलं गाढव सुक्या फळांच्या गोड सरबतापुढे, होशाफपुढे, तसंच ठोंब्यासारखं उभं राहतं. जनावर तेच आणि अडाणीपणाही तोच, पुढ्यातला पदार्थ तेवढा बदलतो. तो कोणता असावा हे शेतात काय पिकतं यावर ठरतं, तसंच कानाला काय गोड लागतं यावरही. आर्मेनियनमध्ये ‘एश’ म्हणजे गाढव आणि ‘नुश’ म्हणजे बदाम. आपल्याकडे गाढव आणि गूळ एका ‘ग’नं बांधले गेले, तसे तिकडे हे दोघे एका ‘श’नं.

आर्मेनियन म्हणी वाचू लागलं की मराठी माणसाला सारखे असे ओळखीचे चेहरे भेटतात. ‘मुली, तुला सांगते, सूनबाई, तू ऐक’ ही म्हण वाचल्यावर ‘लेकी बोले सुने लागे’ आठवलं नाही तरच नवल. ‘चांगुलपणा कर आणि पाण्यात टाक’ हे फारसी, तुर्की, हिंदी सगळ्यांचंच. ती मूळची कोणाची, या वादात मला रस नाही. व्यापारी आणि सैनिक ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं म्हणीही गेल्या असणार, आणि म्हणीवर जकात नव्हती. माझं कुतूहल वेगळं आहे. बाराही महिने लोकांच्या तोंडी असलेलं हे धन कागदावर कधी आलं, आणि इतक्या उशिरा का?

उशीर हा शब्द इथे जरा गमतीचा आहे, कारण आर्मेनियन लिपीचा श्रीगणेशाच सुभाषितानं झाला. मेस्रोप माश्तोत्स या धर्मपंडितानं इ.स. 405च्या सुमारास 36 अक्षरांची लिपी घडवली. त्याचा शिष्य कोर्युन यानं लिहिलेल्या चरित्रानुसार, या अक्षरांत उतरलेलं पहिलं वाक्य बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या आरंभीचं होतं, शहाणपण जाणून घेण्याविषयीचं. म्हणजे पहिला मान वचनाचाच, पण शलमोन राजाच्या. आर्मेनियन मुलखातल्या मुशच्या मैदानात नांगर धरणाऱ्याच्या तोंडची म्हण दारातच थांबली. पुढे शतकानुशतकं ग्रंथांची भाषा ग्राबार, म्हणजे जुनी आर्मेनियन, राहिली. ती मठात शोभे, घरात कोणी बोलत नसे.

मधल्या काळात एक खिडकी किलकिली झाली होती. बाराव्या-तेराव्या शतकात म्खितार गोश या कायदेपंडितानं आणि वार्दान आयगेकत्सी या धर्मोपदेशकानं प्राण्यांच्या बोधकथा लिहिल्या. प्रवचनाला आलेला शेतकरी डुलकी घेऊ लागला की कोल्हा फार उपयोगी पडतो. वार्दानच्या नावावर जमलेल्या कथांचं ‘आघ्वेसागिर्क’, म्हणजे कोल्ह्याचं पुस्तक, 1668 साली अ‍ॅम्स्टरडॅमला छापलं गेलं. (आर्मेनियन छपाईचा इतिहास असाच परगावी घडला. पहिलं पुस्तक 1512मध्ये व्हेनिसला, पहिलं नियतकालिक ‘आझ्दारार’ 1794मध्ये आपल्या मद्रासला.) तरी बोधकथेला धर्मगुरूचा हात लागलेला असतो, म्हणीला नसतो. उलट ती त्यालाच चिमटा काढते: लांडग्याच्या डोक्याशी बसून शुभवर्तमान वाचलं, तर तो म्हणतो, ‘आटपा लवकर, कळप निघाला!’ आपल्या गाढवापुढे गीता वाचली तेव्हा त्याला निदान कालचा गोंधळ आठवला होता. लांडगा त्याहून व्यवहारी.

बोलीला लिहिण्याचा मान मिळाला तो एकोणिसाव्या शतकात. खाचातुर अबोव्यान यानं आपल्या गावाकडच्या बोलीत लिहिलेली ‘आर्मेनियाच्या जखमा’ ही कादंबरी 1858मध्ये, म्हणजे तो बेपत्ता झाल्यावर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. आणि मग आला गारेगिन स्र्वांझ्त्यांत्स, या मागोव्यातला माझा आवडता माणूस.

हा व्हान शहरात जन्मलेला पाद्री. ऑटोमन साम्राज्याच्या पूर्व टोकाला, आर्मेनियन खेड्यापाड्यांतून हिंडताना त्याला ‘सासूनचा डेव्हिड’ या वीराच्या कथेचे तुकडे कानावर पडत, पण संपूर्ण कथा येणारा कोणी भेटेना. 1873मध्ये मुशच्या मैदानातल्या एका गावचा क्रपो नावाचा माणूस सापडला. पाद्रीबोवांनी त्याला तीन दिवस आपल्याकडे ठेवून घेतलं, मिनतवाऱ्या केल्या, मानपान केला आणि तो बोलेल तसं उतरवून घेतलं. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलमध्ये ते छापलं. प्रस्तावनेत त्यानं अपेक्षा किती ठेवावी? ज्यांना याचं मोल कळेल असे वीस वाचक मिळाले तरी पुरे, अशा अर्थाचं तो लिहितो. सुशिक्षितांना गावरान बोलीचा केवढा संकोच वाटत असेल, याचा अंदाज त्या विसावरून येतो. 1876च्या ‘मानाना’ या पुस्तकात त्यानं व्हान परिसरातलं किरकोळ वाटणारं सामानही भरलं: गाणी, कोडी, म्हणी.

त्यानंतर संग्रहाची लाटच आली. व्हेनिसजवळच्या सान लाझारो बेटावरच्या आर्मेनियन मठानं 1889मध्ये म्हणींचं एक छोटं पुस्तक इंग्रजी भाषांतरासह काढलं. दहाच वर्षांनी मॅनवारिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह ऑक्सफर्डला छापला गेला. त्या दशकात म्हणी गोळा करण्याची हौस जगभर होती. येर्वांद लालायान यानं 1896च्या सुमारास शुशीत लोकजीवनाला वाहिलेलं ‘आझ्गाग्राकान हांदेस’ सुरू केलं आणि पुढे तिफ्लिसहून ते 1916पर्यंत चालवलं.

1916. त्याच्या आदल्या वर्षी ऑटोमन सत्तेनं केलेल्या वंशसंहारात मुश, सासून, व्हान या मुलखांतली आर्मेनियन वस्ती संपली. क्रपोला गाठून अवघी बेचाळीस वर्षं झाली होती. पाद्री स्र्वांझ्त्यांत्स 1892मध्येच वारला होता, त्यानं हे पाहिलं नाही. त्यानं गंमत म्हणून, जिव्हाळ्यानं टिपलेली कोडी आणि म्हणी आता एका नाहीशा झालेल्या मुलखाची दप्तरं झाली होती. आपल्या दाते-कर्व्यांनी वाक्संप्रदाय कोश रचला तेव्हा शब्दाची शंका आली तर विचारायला गाव जागेवर होतं. मुशच्या म्हणीची शंका विचारायला मुश उरलं नव्हतं. जीव वाचवून पूर्वेकडे आलेल्यांनी आपापली बोली मात्र सोबत आणली होती.

1960 साली येरेवानला आराम घानालान्यान यांचा ‘आरात्सानी’ हा म्हणींचा जाडजूड संग्रह निघाला. ‘आरात्स’ म्हणजे म्हण. आर्मेनियन म्हणींबद्दल बोलायचं तर आजही तिथूनच सुरुवात करतात. त्याच सोव्हिएत काळात ‘रेडिओ येरेवान’चे विनोद पसरले. श्रोता अडचणीचा प्रश्न विचारतो, रेडिओ उत्तर देतो, ‘तत्त्वतः होय, पण...’ आणि त्या ‘पण’नंतर सरकारची अब्रू जाते. मला हे म्हणींचंच धाकटं भावंड वाटतं. लांडग्याच्या डोक्याशी शुभवर्तमान वाचणारे आता बदलले होते, एवढंच.

स्वतःवर हसायलाही हे लोक मागे नाहीत. ‘आर्मेनियन माणसाला मागाहून सुचते ती अक्कल मला मिळो’, असं ते आपणच म्हणतात.

क्रपोची बोली ज्या कुळातली, त्या पश्चिम आर्मेनियन भाषेची नोंद युनेस्कोनं 2010मध्ये धोक्यातल्या भाषांत केली. म्हणी तर आता येरेवानमध्येही तरुणांच्या तोंडी पूर्वीइतक्या नसणार, जशा पुण्यात नाहीत. वाक्प्रचार मात्र चिवट. गैरहजर माणसाची आठवण निघाली की ‘तुझा कान वाजो’ म्हणतात. आपण त्याला उचकी लावतो. वाट पाहून डोळे शिणले की ‘डोळ्यांचं पाणी झालं’. कोणी फार पिडलं तर ‘माझ्या डोक्याला इस्त्री करू नकोस’. आणि ‘त्साव्द तानेम’, म्हणजे तुझं दुखणं मी घेते. आई लेकराला म्हणते, म्हातारी अनोळखी पोराला वाट सांगतानाही सहज म्हणून जाते. आपली आजी हेच न बोलता करायची: नातवाच्या गालावरून हात फिरवून ती बोटं स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडायची.