मोटारीचा श्वास व शेतरस्त्याची धूळ

खेडोपाडीं हल्लीं मोटारगाडी ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. भाजीच्या पाट्या, खताचीं पोतीं व आजारी माणूस हीं सर्व एकाच जीपमधून तालुक्यास जातात. अशा गाडीच्या इंजिनास हवा पुरविणाऱ्या नळींत व पेटींत फेरफार करण्याची हौस तरुण मंडळींत बरीच दिसते. तिचा फटका आमच्याच घरास बसल्यामुळें चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें. माझें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें; यंत्रशास्त्राचा मी पंडित नव्हे, हें आरंभींच सांगतों.

माझ्या पुतण्यानें कांद्याच्या वाहतुकीसाठीं जुनी डिझेल जीप घेतली. एका दुकानदारानें त्यास सांगितलें कीं, कारखान्यानें बसविलेली हवेची पेटी म्हणजे बैलाच्या तोंडास बांधलेलें मुसकें. तें सोडलें कीं इंजिन मोकळा श्वास घेईल. त्याप्रमाणें पेटी काढून बॉनेटखालीं शंकूच्या आकाराची उघडी चाळणी बसविण्यांत आली. मी तेथेंच बाकावर बसलों होतों. पेटीवांचून गाडी चालवूं नये, हें माहितीपुस्तकांतील वाक्य मीं वाचलेलें होतें. परंतु "काका, तुम्हांला यांतलें काय कळतें," असें ऐकावें लागेल या भीतीनें गप्प राहिलों.

गाडीचा आवाज वाढला, व तोच जोर वाढल्याचा पुरावा मानला गेला. चैत्र-वैशाखांत आमच्या शेतरस्त्यावर घोट्याइतका फुफाटा असतो. मृगापूर्वींच गाडी निळा धूर सोडूं लागली, ऑइल भराभर कमी होऊं लागलें. कारागिरानें इंजिन उघडलें तों सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे व रिंगा झिजलेल्या! नव्या चाळणीचा पट्टा सैल होता; त्या फटींतून न गाळलेली धूळ सरळ आंत जात होती. त्या वर्षींच्या कांद्याची निम्मी पट्टी दुरुस्तींत गेली.

यांतील कारण समजून घेण्याजोगें आहे. १ किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलामागें इंजिन ९,००० लिटरांहून अधिक हवा ओढून घेतें. डिझेल इंजिन तर याहूनही जास्त घेतें. या हवेबरोबर येणाऱ्या धुळींत गारेचे बारीक कण असतात, व गार ही लोखंडाहून कठीण आहे. ते कण ऑइलांत मिसळले म्हणजे रिंग व सिलिंडर यांमध्यें कानसेसारखें काम करतात.

आतां जोराविषयीं. उघडी चाळणी बॉनेटखालची तापलेली हवा ओढते. बाहेर ३० अंश व आंत ६० अंश उष्णता असेल, तर आंतील हवा शेंकडा ९ नें विरळ असते. म्हणजे वाट मोकळी करून दिली तरी श्वास तोकडाच! कारखान्याची नळी बाहेरची थंड हवा घेते, ती याचसाठीं. इंधनाची बचत होते, हाही भ्रमच आहे. अमेरिकेंतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००९ सालीं आधुनिक पेट्रोल गाड्यांची परीक्षा केली. तुंबलेली चाळणी बदलल्यानें वेग घेण्यांत सुधारणा झाली, परंतु इंधनाच्या खर्चांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांस मात्र स्वच्छ चाळणीनें इंधनाचा लाभ होतो.

सर्वच फेरफार वाईट, असें माझें म्हणणें नाहीं. धूळ जमिनीलगत दाट असते. म्हणून ट्रॅक्टरावर हवेचें तोंड उंच नेऊन त्यावर धूळ वेगळी करणारें भांडें बसवितात. तसें जीपला करावयाचें असल्यास त्याच गाडीसाठीं बनविलेली नळी घ्यावी व मूळची चाळणी मागें कायम ठेवावी. हमीची मुदत चालू असल्यास कंपनीस आधीं लेखी विचारावें. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ अन्वयें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी पाळाव्या :

(१) चाळणीच्या पुढची नळी सोडून आंत पांढरें फडकें फिरवावें. धूळ लागली तर जोड फुटका आहे असें समजावें व तो नीट केल्याशिवाय गाडी चालवूं नये.

(२) कागदी चाळणी आपटूं वा धुऊं नये. तिच्यांत दिवा धरून पाहावें. कोठें छिद्र दिसल्यास ती टाकून द्यावी.

(३) तेलाच्या भांड्याची चाळणी असल्यास तेल खुणेपर्यंतच भरावें. जास्त भरल्यास तें इंजिनांत ओढलें जातें. तळाशीं गाळ सांचतांच तेल बदलावें.

(४) काळा धूर येऊं लागल्यास चाळणी तुंबली काय हें प्रथम पाहावें. निळा धूर दिसल्यास ऑइल जळत आहे असें जाणून विलंब करूं नये.

पुतण्यानें मूळची पेटी माळ्यावरून काढून पुन्हां बसविली आहे. आतां दर रविवारीं तो स्वतः फडकें फिरवितो व मला आणून दाखवितो. त्या दिवशीं बाकावरून उठून मीं एक वाक्य वाचून दाखविलें असतें, तर निम्मी पट्टी वांचती. घरांतील ज्या वडील माणसास वाचतां येतें, त्यानें अशा प्रसंगीं गप्प बसूं नये, एवढीच विनंती.