गाउटची वीण

आयर्लंड आणि ब्रिटनच्या मधल्या समुद्रात मॅन नावाचं बेट आहे. तिथल्या कर्क मायकल गावच्या चर्चमध्ये दहाव्या शतकातली एक उभी शिळा जपून ठेवली आहे. तिच्यावर क्रूस कोरलेला आहे, आणि कडेला रून लिपीतला लेख. लोहाराचा मुलगा मेल ब्रिग्दे याने आपल्या आत्म्यासाठी हा क्रूस उभारला, असं लेख सांगतो. पुढे कारागीर स्वतःबद्दल बोलतो: हा गाउटने केला, आणि मॅनमधले सगळेच.

हे शब्दशः खरं नाही. गाउटच्या आधीचेही क्रूस बेटावर आहेत. पण शिळेवरची नक्षी पाहिली की हा अभिमान त्याला शोभतो असंच वाटतं. क्रूसाच्या दांड्यावर दुपदरी वेणी चढत जाते आणि पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे एकेक कडं त्यांना बांधून ठेवतं. ही कडीसाखळी म्हणजे गाउटची ओळख.

अशा सगळ्या विणीच्या मुळाशी साधी वेणी असते. पट्टी एकदा वरून जाते, एकदा खालून. हा क्रम मोडायचा नाही. नक्षी खुलते ती वेणी तोडल्यावर. एखाद्या छेदावर दोन्ही पट्ट्या कापायच्या आणि सुटलेली टोकं नव्याने जोडायची. पट्टी तिथून मागे वळते, गाठ पडते. ठरावीक अंतराने असे तोड घेतले की गाठींची ओळ तयार होते, आणि वर-खालचा क्रम तरीही शाबूत राहतो. ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच, आधीची आखणी चुकली की पुढचं सगळं फसतं. इथे तर खोडायचीही सोय नाही.

मॅनचा दगड पापुद्र्यांचा, स्लेटचा. त्यात खोल कोरता येत नाही. म्हणून खाली जाणारी पट्टी छेदापाशी जराशीच तासलेली असते. तेवढ्यावर डोळा फसतो.

वेणी तोडण्याचं हे गणित जे. रोमिली ॲलन यांनी उलगडलं. ते पेशाने इंजिनिअर. स्कॉटलंडच्या क्रूसांवरचा जोसेफ अँडरसन यांच्यासोबतचा त्यांचा ग्रंथ 1903 साली निघाला. जवळपास सगळ्या गाठी आठ मूळ गाठींतून निघतात, असं त्यांनी दाखवलं.

या गाठींना अनंताचं, अमर प्रेमाचं प्रतीक म्हणून आज दागिन्यांवर विकतात. त्या अर्थाला कोरणाऱ्यांच्या काळातला आधार नाही. मॅनला गेलात तर अर्थ शोधत बसू नका. एक पट्टी निवडा आणि ती कुठे वर येते, कुठे खाली जाते, ते शेवटपर्यंत बघा.